जनसुनावणीच्या आधीची कामे: वादग्रस्त प्रकल्पात गावाशी बोलायचा क्रम

जनसुनावणीच्या दिवशी मंडप पडतो, बंदोबस्त येतो, पडद्यावर नकाशा उमटतो आणि रेघ आपल्याच शेतातून गेली आहे हे शेतकऱ्याला तिथे पहिल्यांदा कळते. मग माइक ओढला जातो, घोषणा सुरू होतात, सुनावणी गुंडाळली जाते. परतताना गाडीत कोणीतरी म्हणतो, 'इथल्या लोकांना विकासच नको.' खान्देशातल्या अशा बऱ्याच सभांना मी बसलो आहे. माझे मत असे की लोकांचा राग रस्त्यावर किंवा धरणावर कमी असतो, सगळे ठरवून झाल्यावर आपल्याला बोलावले यावर जास्त असतो. जनसुनावणी ही शेवटून दुसरी पायरी आहे. ती पहिली केली की पुढचे सगळे बिघडते.

हा लेख प्रकल्प राबवणाऱ्या विभागातल्या अभियंत्यांसाठी आणि सल्लागार चमूसाठी आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि कृती समितीचे कार्यकर्ते यांनाही तो वापरता येईल, कारण समोरच्याने कुठे चूक केली हे ओळखायला क्रम माहीत असावा लागतो. उदाहरणासाठी तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातून जाणारे एक बाह्यवळण (बायपास) धरू. धरण, रेल्वे, सौर प्रकल्प किंवा उच्चदाब वाहिनी असेल तर तपशील बदलतील, क्रम बदलणार नाही.

1. आधी कायदा आणि मुदत कागदावर मांडा

गावात पाय ठेवण्याआधी एका कागदावर लिहा: जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली जाणार आहे, आणि हरकतीला किती दिवस आहेत. इथली गल्लत फार महागात पडते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 खाली कलम 3-अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस मिळतात. विशेष रेल्वे प्रकल्पासाठी रेल्वे अधिनियमाखाली 30 दिवस. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली कलम 11 च्या अधिसूचनेनंतर 60 दिवस. शेजारच्या गावाला सिंचन योजनेत 60 दिवस मिळाले म्हणून आपल्यालाही तेवढेच, असे समजून महामार्गाची मुदत हुकवलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

2013 च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के, आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. त्याच कायद्यात सामाजिक आघात निर्धारण, म्हणजे प्रकल्पाचा लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, आहे. मात्र महाराष्ट्राने 2018 च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची वाट ठेवली. सूट मिळाली म्हणून अभ्यास सोडू नका. कायद्याने सक्ती नसली तरी ती माहिती पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे.

नंतर पाहा की गाव अनुसूचित (आदिवासींसाठी घोषित) क्षेत्रात येते का. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली काही गावे त्यात आहेत. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि 2013 च्या कायद्याच्या कलम 41 नुसार संपादनाआधी ग्रामसभेची संमती लागते. पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा घेता येते, म्हणून ग्रामपंचायतीचा एक ठराव सगळ्या पाड्यांचा धरू नका. वनजमीन असेल तर वनहक्क दाव्यांची स्थिती वेगळी लिहा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला तिथून उठवता येत नाही.

तपासा: कायदा, कलम, अधिसूचनेची तारीख, हरकतीचा शेवटचा दिवस, हरकत कोणाकडे द्यायची. या पाच ओळी साध्या मराठीत लिहून चावडीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या का?

2. काय बदलू शकते ते प्रामाणिकपणे ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. विभागाच्या आत बसून तीन याद्या करा. पहिलीत पक्के ठरलेले: उदाहरणार्थ, बाह्यवळण होणार आणि ते गावाच्या उत्तरेने जाणार. दुसरीत अजून हलू शकते ते: रेघ 100 मीटर अलीकडे की पलीकडे, भुयारी मार्ग किती आणि कुठे, सेवा रस्ता, मोऱ्यांची जागा, भरावाची उंची. तिसरीत लोकांनीच ठरवायचे ते: स्मशानाकडची वाट, देवस्थान हलवायचे तर कुठे, काम कोणत्या हंगामात सुरू करायचे.

दुसरी आणि तिसरी यादी रिकामी असेल तर गावात जाऊन 'तुमचे मत सांगा' म्हणू नका. तेव्हा फक्त माहिती द्यायला आलो आहोत असे सरळ सांगा. राग येईल, पण फसवल्याची भावना येणार नाही. याद्यांवर कार्यकारी अभियंत्याची सही घ्या. सही नसलेली लवचिकता पहिल्या बदलीबरोबर निघून जाते.

3. सातबाऱ्याबाहेरची माणसे शोधा

सातबारा आणि 8-अ (खातेउतारा) ही सुरुवात आहे. तिथेच थांबलात तर निम्मी माणसे सुटतील.

आमच्याकडे जमीन एकाच्या नावावर, कसणारा दुसरा आणि राबणारा तिसरा असे सर्रास असते. बटाईने कसणारे, उक्त्याने (ठरावीक रकमेवर) शेत घेतलेले, सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी) आणि रोजाने केळीचे घड वाहणारे मजूर यांची नावे कोणत्याच उताऱ्यावर नसतात. 2013 च्या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत संपादनाआधी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेले कूळ आणि शेतमजूरही येतात. सालदाराला हे कोणी सांगत नाही. मालकासमोर तो विचारणारही नाही. त्याला वेगळा भेटा.

दुसरा गट लेकींचा. वडिलांच्या पश्चात बहिणींची नावे वारस म्हणून लागलेली असतात किंवा लागायची राहिलेली असतात. त्या सुरतेला, नाशिकला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दिलेल्या. रेघ कुठून जाणार याची कुणकुण लागली की हक्कसोडपत्रावर घाईने सह्या घेतल्या जातात आणि मोबदल्याचा आकडा त्यांना नंतर समजतो. याला एक घरगुती उपाय आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. त्या आठवड्यात गावसभा ठेवू नये, कोणी येणार नाही. पण वारसांना माहिती द्यायची, सध्याचा पत्ता आणि फोन लिहून घ्यायचा, तर वर्षातला तोच सर्वांत चांगला काळ.

तिसरे, ये-जा करणारे. मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी, गुरे चारणारे काठेवाडी, नदीपात्रात मासेमारी करणारे, वीटभट्टीवाले. त्यांची वाट किंवा पाणी अडणार असेल तर तेही बाधितच आहेत. बाह्यवळणात जुन्या रस्त्यावरचे हॉटेलवाले, पंक्चरवाले आणि फळविक्रेते यांचे गिऱ्हाईक जाते, जमीन मात्र एक इंचही जात नाही, म्हणून त्यांना कोणी बोलावत नाही. विविध कार्यकारी सोसायटी, केळीची फ्रूटसेल सोसायटी आणि दूध डेअरी यांना मात्र जरूर भेटा. कोण खरोखर कसतो हे त्यांच्या खातेवहीत नीट कळते.

सावधान: यादीतल्या चुका पिढ्यान्‌पिढ्या पुरतात. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. कोण बाधित, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब की नाही, वनजमीन कसणाऱ्याचे काय, हे वाद पाणी चढल्यानंतरही दशकांपर्यंत चालले.

4. शिवारफेरी: नकाशा शेतात न्या

गुगलच्या चित्रावरची लाल रेघ गावात दाखवून उपयोग नाही. गाव नकाशावर गट नंबरासह रेघ काढा, मोठ्या कागदावर छापा आणि ती घेऊन बांधावरून चाला. सोबत उपअभियंता, तलाठी, कोतवाल आणि त्या त्या गटाचा शेतकरी. सकाळी लवकर निघा. चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावकडे दहानंतर शेतात उभे राहवत नाही.

या फेरीत लोक जे विचारतात ते अहवालाच्या नमुन्यात कुठेच बसत नाही. 'मनी कितली जमीन जाई?' (माझी किती जमीन जाईल?) हा पहिला प्रश्न. नंतरचे खरे अवघड:

विहीर रस्त्याच्या या बाजूला राहिली आणि बाग त्या बाजूला गेली, तर पाणी कसे न्यायचे? भराव टाकायच्या आधीच रस्त्याखालून आडवे मोठे पाइप टाकून ठेवले तर शेतकऱ्याला त्यातून पुढे कधीही आपली पाइपलाइन ओढता येते. नंतर रस्ता फोडायची परवानगी मिळवणे म्हणजे वर्षभराच्या चकरा.

शेताचे दोन तुकडे झाले तर ट्रॅक्टर पलीकडे कुठून न्यायचा? भुयारी मार्ग तीन किलोमीटरवर असेल तर प्रत्येक नांगरटीला सहा किलोमीटरचा हेलपाटा. आणि त्या मार्गातून नुसता ट्रॅक्टर जाऊन भागत नाही, केळीने भरलेली गाडी गेली पाहिजे. उंची मीटरमध्ये सांगू नका, गावातली भरलेली गाडी बोलवा आणि टेप लावून मोजा.

पावसाचे पाणी कुठे जाणार? आपल्या काळ्या जमिनीत भरावाने ओहोळ अडला तर वरच्या बाजूची बाग दोन-तीन दिवसांत पिवळी पडते. नकाशावर न दिसणारे ओहोळ म्हाताऱ्या माणसांना पाठ असतात. 'मोठ्या पुराच्या साली पाणी कुठवर आले होते?' एवढेच विचारा आणि ते बोट दाखवतील तिथे खूण करा.

प्रत्येक खुणेला नंबर द्या आणि त्याच नंबराने वहीत नोंद करा. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हीच वही आहे.

तपासा: फेरीनंतर रेघेत किंवा रचनेत एकही बदल सुचला नसेल, तर तुम्ही चाललात, पण ऐकले नाही. पुन्हा जा.

5. लहान बैठका, आणि त्यात आधी विरोधक

आता बैठका. मोठी सभा अजून नाही. वीस-पंचवीस माणसांच्या, गल्लीनिहाय किंवा गटनिहाय. पहिली बैठक सर्वांत कडव्या विरोधकांशी घ्या. कृती समितीला टाळून सरपंचाच्या ओसरीवर चहा घेतलात की गाव दोन तटांत विभागलेच म्हणून समजा. जागाही तशीच निवडा: मराठी शाळा किंवा पार चालेल, कोणाचे घर किंवा पक्षाचे कार्यालय नको.

वेळ गावाची असावी. कापूस वेचणीत दिवसा माणूस मिळत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जातात, होळीच्या सुमारास परततात. मधल्या काळात तिथे घेतलेली ग्रामसभा म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची असते. तो ठराव कायद्यापुढे टिकला तरी गावापुढे टिकत नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सभा घेऊ नका, पण पुढच्या सभेची दवंडी द्यायला तो बाजार उत्तम.

एक चूक आमच्याच चमूने केली. तालुक्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी बैठक ठेवली. चार माणसे आली. ज्या विभागासाठी आम्ही काम करत होतो त्यांना अहवाल द्यायची घाई होती, म्हणून 'बैठक संपन्न' असे लिहून गेले. वर्षभराने गावाने त्या दिवशीच्या बाजारपावत्या समोर ठेवल्या. त्या गावात पुढे आमचा कोणताही कागद कोणी खरा मानला नाही.

भाषा अहिराणी, लेवा, गुजर, पावरी, भिली, मावची, जी असेल ती. ती बोलणारा माणूस चमूत घ्या. गावातलाच दुभाषा दोन्हीकडून संशयात सापडतो. बायकांची बैठक वेगळी आणि बाई अधिकाऱ्यासोबत. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे, ती नावापुरती उरकू नका. शाळेत जाणाऱ्या मुली रस्ता कुठून ओलांडणार हा प्रश्न मला प्रत्येक वेळी बायकांनीच विचारला आहे.

उत्तरे तीनच प्रकारची द्या. 'हो, होईल.' 'नाही, होणार नाही, कारण हे.' 'आत्ता माहीत नाही, अमुक तारखेला येऊन सांगतो.' 'वर कळवतो' हे उत्तर नव्हे. भिंतीवर मोठा कागद लावा, प्रश्न आणि उत्तर सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरात लिहा, शेवटी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाका.

सावधान: हजेरीच्या सह्या पुढे संमती म्हणून जोडल्या जातात, हा गावोगावचा अनुभव आहे. प्रत्येक पानावर वरच छापा: 'ही फक्त उपस्थितीची नोंद आहे. ही संमती नाही.' आणि बैठकीला जेवण ठेवू नका.

6. मोजणी: सगळ्यात नाजूक दिवस

बोलणी कितीही चांगली झालेली असोत, संयुक्त मोजणीत चूक झाली की सगळे पाण्यात. नोटीस चावडीवर चिकटवून भागत नाही, प्रत्येक खातेदाराला हातात द्या आणि पोच घ्या. भूमी अभिलेखचा मोजणीदार, कृषी, वन, सार्वजनिक बांधकाम आणि महसूल या सगळ्यांची माणसे एकाच दिवशी हवीत. कृषीचा माणूस 'नंतर येतो' म्हणाला तर मोजणी पुढे ढकला, कारण तोपर्यंत बाग कापलेली असेल.

केळीची नोंद 'केळी' एवढीच करू नका. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), निसवण झाली आहे (घड बाहेर पडला आहे) की नाही, नवी लागवड की खोडवा (आधीच्या पिकाच्या बुंध्यातून वाढवलेले पीक), खोडांची संख्या, ठिबक, मुख्य पाइप, विहीर, बोअर, मोटार, शेड. फळझाडांचे वय. सातबाऱ्यावर जिरायत असेल आणि शेतात दहा वर्षांची बाग उभी असेल, तर फोटो, वीजबिल आणि सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा त्याच दिवशी पंचनाम्याला जोडा. उरलेला तुकडा कसण्याजोगा राहतो का तेही लिहा. 2013 च्या कायद्याच्या कलम 28 मध्ये शेत तोडल्याने होणारे नुकसान मोबदल्यात धरायचे आहे, पण पंचनाम्यात नसलेले कोणी धरत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या 84 वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीला शेजाऱ्याच्या मानाने फार कमी मोबदला मिळाला, ही त्यांची तक्रार होती. खान्देशात पंचनाम्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवून पेन उचलावे.

तपासा: मोजणीच्या कागदाची प्रत त्याच आठवड्यात शेतकऱ्याच्या हातात पडली का? चुकीची दुरुस्ती कोणाकडे आणि किती दिवसांत, हे त्यावर लिहिले आहे का?

7. आता जनसुनावणी

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पाची सुनावणी 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान 30 दिवस आधी जाहिरात, मसुदा अहवाल आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक स्वराज्य संस्था इथे पाहायला ठेवलेले. पूर्ण चित्रीकरण. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे. गणपूर्तीची (किमान हजेरीची) अट नाही, म्हणून बहिष्कार टाकला की सुनावणी रद्द होते हा समज चुकीचा आहे. आंदोलकांनी निदान लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.

आयोजकांनी मराठी सारांश पंचायतीत ठेवण्यापुरता न ठेवता बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. सुनावणीची जागा प्रकल्पाजवळ ठेवा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहात नको. बोलणाऱ्यांची नावे क्रमाने लिहून घ्या, लांबच्या पाड्यांवरून आलेल्यांना आणि बायकांना आधी बोलू द्या, नाहीतर शेवटची एसटी निघून जाते. पोलीस मंडपाच्या कडेला असू द्यात, व्यासपीठ आणि लोक यांच्या मध्ये नकोत. आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर इथे नवे फार निघत नाही, फक्त झालेले बोलणे कागदावर येते.

8. परत जा

सुनावणीनंतर महिनाभरात त्याच पारावर परत जा. सोबत तीन रकान्यांचा कागद: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय ठरवले, का. नकाशावर जुनी रेघ आणि नवी रेघ दोन रंगांत. 'नाही' ची कारणे सगळ्यांत आधी वाचा, ती टाळून 'हो' ची यादी वाचलीत तर लोक उठून जातात.

निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) आला की शेतकऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने करावी. 2013 च्या कायद्याखाली रक्कम मान्य नसेल तर घेताना 'निषेधासह स्वीकारत आहे' असे लेखी द्यावे. तसे न देता रक्कम घेतली तर कलम 64 खालचा वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर या अर्जाला सहा आठवडेच आहेत. महामार्गात हाच वाद लवादापुढे जातो. ही माहिती देणे विभागाला अडचणीचे वाटते, तरी द्या. गावाला ती वकिलाकडून कळली तर आधी बोललेल्या सगळ्यावर संशय येतो.

काम सुरू झाले की जागेवरच्या अभियंत्याचे नाव आणि फोन फलकावर लावा, आणि बदली झाली की त्याच दिवशी फलक बदला. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या सकाळी मोऱ्या पाहायला जा. शिवारफेरीत ज्यांनी ओहोळ दाखवले होते त्या म्हाताऱ्यांना सोबत घ्या, वही उघडा आणि एकेका नंबराशी थांबून पाणी वाहते आहे का ते पाहा.